घटस्फोटानंतर मुलीचा दमा दोन घरांत कसा सांभाळायचा?

प्रश्न: माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिला दमा आहे. आमचा घटस्फोट झालाय. ती माझ्याकडे राहते आणि एक आड एक शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत वडिलांकडे असते. त्यांचं म्हणणं, "तिला काही झालेलं नाही, तूच तिला पंपाची सवय लावलीस." तिकडे रोजचा पंप दिला जातो की नाही कळत नाही, पाठवलेला पंप परत येत नाही, ताप आला तर कोणतं औषध किती दिलं ते सांगत नाहीत. विचारलं की भांडण. डॉक्टरांपुढेही ते वेगळंच सांगतात. मी काय करायचं?

उत्तर: आधी वडिलांना दमा पटवून द्यायचा आणि मग मुलीला औषध मिळेल, या क्रमाने गेलात तर वर्षं जातील. ही दोन कामं वेगळी करा. त्यांना पटो वा न पटो, शनिवारी रात्री मुलीला तिचे दोन पफ मिळाले पाहिजेत, आणि श्वास लागला तर त्या घरात भरलेला, चालू पंप हाताशी असला पाहिजे. एवढं साधायचं आहे. त्यासाठी सगळ्यात उपयोगी पडतं ते हे की औषधाबद्दलची प्रत्येक सूचना तुमच्याकडून न जाता डॉक्टरांच्या कागदावरून जावी. "तू सांगतेस म्हणून" असं तुम्हाला ऐकवता येतं. डॉक्टरांची सही आणि तारीख असलेल्या कागदाला तसं म्हणणं जड जातं, आणि कोणी म्हटलंच तर तो नकार कोणाच्या सूचनेला होता याबद्दल पुढे वाद उरत नाही.

त्या कागदाला दम्याची लेखी योजना म्हणतात. बालरोगतज्ज्ञ ती लिहून देतात. नसेल दिली तर पुढच्या भेटीत मागून घ्या. तिचे तीन भाग असतात, बहुतेक ठिकाणी हिरवा, पिवळा आणि लाल. हिरव्यात रोजचं: कोणता पंप, किती पफ, किती वाजता, स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी, जिच्यातून मूल औषध ओढतं) लावूनच. पिवळ्यात त्रास सुरू झाल्याची लक्षणं, म्हणजे रात्रीचा खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, खेळताना मध्येच थांबणं, आणि अशा वेळी लागेल तेव्हाच्या पंपाचे (म्हणजे रोजचा नव्हे, धाप लागल्यावर द्यायचा पंप) किती पफ, किती अंतराने. लाल भाग दवाखाना गाठायचा: एक वाक्य सलग बोलता येत नाही, बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची त्वचा श्वासागणिक आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, मूल मलूल पडतं, किंवा पंप दिल्यावर बरं वाटतं पण चार तासही टिकत नाही. लाल भागात डॉक्टरांकडून एक ओळ मुद्दाम लिहून घ्या: "मूल ज्याच्याकडे असेल त्याने लगेच लागेल तेव्हाचा पंप सुरू करावा, रुग्णवाहिका बोलवावी, आणि मग दुसऱ्या पालकाला कळवावं." या क्रमाने लिहिलेलं असलं की "आधी मला का नाही विचारलं" या वादाला जागाच राहत नाही.

योजनेत औषधाचं नाव आणि ताकद दोन्ही हवी. "निळा पंप दोन वेळा" हे पुरत नाही. रंग कंपनीगणिक बदलतात, आणि दुसऱ्या घरातला माणूस चुकून रोजचा पंप धापेवर आणि धापेचा पंप रोज देत राहतो. हा गोंधळ एरवीही होतो, पण घर एकच असेल तर तो लवकर लक्षात येतो.

कागदाच्या तीन सारख्या प्रती करा: तुमच्याकडे एक, वडिलांकडे एक, शाळेत एक. वडिलांची प्रत शक्यतो दवाखान्यातूनच जावी. दवाखान्याला विनंती करा की तपासणी झाली की दोन्ही पालकांना एकच कागद, एकाच वेळी पाठवावा. तुम्ही पुढे पाठवलेला कागद आणि दवाखान्यातून आलेला कागद, मजकूर तोच असला तरी स्वीकारला वेगळ्या पद्धतीने जातो.

आता "सवय लागते" या मुद्द्याकडे येऊ, कारण त्यामागे खरी भीती असू शकते आणि ती हिणवण्यासारखी नाही. रोजच्या पंपात बहुधा स्टेरॉइड असतं. ते मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनलिकेत जातं आणि तिथली सूज कमी ठेवतं. त्याचं व्यसन लागत नाही. पंप बंद केल्यावर त्रास परत येतो तो सूज परत येते म्हणून, आणि नेमकं हेच बघून पालकांना सवय लागल्यासारखं वाटतं. दुष्परिणाम मुळीच नाहीत असंही नाही: नियमित स्टेरॉइड पंप घेणाऱ्या काही मुलांच्या उंचीत सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी फरक पडू शकतो, आणि तोंडात छाले येऊ नयेत म्हणून पंपानंतर चूळ भरावी लागते. हे सगळं वडिलांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं. त्यांना संदेश पाठवायचा तर एवढाच: "पंपाबद्दलच्या तुमच्या शंका डॉक्टरांना थेट विचारा. ते औषध कमी करायला सांगतील तर मला मान्य आहे." यातलं दुसरं वाक्य मनापासून लिहा. डॉक्टरांचा शब्द तुमच्या बाजूने पडला तरच मानायचा असं त्यांना वाटलं, तर त्यांच्या लेखी डॉक्टरसुद्धा तुमच्या पक्षाचे होतात.

पंप मुलीच्या पिशवीतून पाठवणं बंद करा. दोन घरं म्हणजे दोन पूर्ण संच: रोजचा पंप, लागेल तेव्हाचा पंप, मास्क किंवा तोंडात धरायच्या नळीचा स्पेसर, थर्मामीटर, औषध मोजायची सिरिंज, आणि योजनेची प्रत. खर्च वाटून घ्यायला ते तयार नसतील तर तक्रार न करता तुम्ही करा, पावती ठेवा, आणि तो हिशेब नंतर स्वतंत्रपणे मांडा. पैशाचा वाद सुटेपर्यंत पंप थांबवायचा नसतो. पिशवीतून जाणारा पंप विसरला जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो पोचवण्याची जबाबदारी न बोलता मुलीवर येते.

दुसऱ्या घरातल्या संचाला एक खास अडचण येते. लागेल तेव्हाचा पंप तिथे आठवडेच्या आठवडे पडून राहतो. बरेच दिवस न वापरलेल्या पंपातून पहिले फवारे पूर्ण मात्रेचे येतीलच असं नसतं. म्हणून पंपासोबतच्या पत्रकात दिले असतील तितके फवारे आधी हवेत सोडायचे, मग वापरायचा. ही सूचना योजनेतच लिहून घ्या, नाहीतर "पंप दिला, काही उपयोग झाला नाही" असं ऐकायला मिळेल आणि ते खोटंही नसेल. पंप संपलाय का हे हलवून कळत नाही; औषध संपल्यावरही आतला वायू फवारा देत राहतो. शक्य असेल तर मोजणी दाखवणारा पंपच घ्या. स्पेसर कोमट साबणाच्या पाण्यात धुवून तसाच निथळत ठेवायचा. कापडाने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध नळीलाच चिकटून बसतं.

स्पेसर वापरायची पद्धत दोन्ही घरांत एकच हवी: पंप हलवायचा, एक पफ सोडायचा, मुलीने पाच-सहा शांत श्वास घ्यायचे, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा हलवून दुसरा पफ. दोन पफ एकदम सोडले तर छातीत जाणारं औषध कमी होतं. ही पद्धत दवाखान्यातल्या नर्सने वडिलांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवली तर उत्तम. तुम्ही चित्रफीत करून पाठवू नका. ती शिकवणी वाटते.

तिकडे रोजचा पंप दिला जातो की नाही हे मुलीला न विचारताही कळू शकतं. समजा डॉक्टरांनी सकाळी दोन, रात्री दोन पफ सांगितलेत. शुक्रवारी रात्री दोन, शनिवारी चार, रविवारी सकाळी दोन, म्हणजे एका फेरीत आठ पफ. तीन महिन्यांत अशा साधारण सहा फेऱ्या होतात, म्हणजे ४८ पफ. १२० पफांच्या नव्या पंपावर तीन महिन्यांनी ७२च्या आसपास आकडा दिसायला हवा. तो ११० दिसत असेल तर उत्तर मिळालं. पण हा आकडा तुम्ही त्यांच्या घरातून काढू नका, मुलीकडून तर नाहीच. डॉक्टरांना सांगा की तपासणीच्या वेळी दोन्ही घरांतले पंप आणायला सांगावं. दम्याच्या तपासणीत असं सांगणं अगदी नेहमीचं आहे. दोन्ही पंपांचे आकडे डॉक्टरांनीच बघितले, तुमचाही बघितला, तर तो आरोप राहत नाही.

आणि आकड्याने वाईट बातमी दिली तर? इथे बहुतेक पालक पुराव्याच्या मागे लागतात. मी आधी औषधाची मांडणी बदलायला सांगेन. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "महिन्यातून दोनदा शनिवार-रविवारचे डोस चुकणार हे धरून चाललो तर उपचार कसा बसवाल?" काही औषधं दिवसातून एकदाच घेण्यासारखी असतात. मग शुक्रवारचा डोस मुलगी निघण्याआधी तुमच्याकडे आणि रविवारचा परत आल्यावर तुमच्याकडेच पडू शकतो, तिकडे फक्त शनिवारचा उरतो. आठ पफांवरचा भरवसा एका डोसवर येतो. सगळ्या मुलांना हे जमत नाही आणि औषध स्वतःहून बदलायचं तर अजिबात नाही, पण घरातली खरी परिस्थिती कळली तर डॉक्टर त्यानुसार विचार करू शकतात. बरेच पालक ती लाजेने किंवा संतापाने अर्धवट सांगतात आणि डॉक्टर मग "औषध पुरत नाही" असं समजून मात्रा वाढवतात.

सिगारेटचंही तसंच. त्या घरात कोणी ओढत असेल तर "मुलीसमोर ओढत नाही, गच्चीत ओढतो" हे पुरेसं नाही. धूर कपड्यांत, गाद्यांत, गाडीत राहतो. ही सूचना डॉक्टरांनी दोन्ही घरांसाठी म्हणून योजनेत लिहावी.

तापाच्या औषधाचा गोंधळ दम्यापेक्षा लवकर धोक्याचा होतो, म्हणून तो नीट समजून घ्या. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. मुलीचं वजन २० किलो असेल तर एका वेळी जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम. आता बाटल्या बघा. ५ मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे १२.५ मिलिलीटर म्हणजे ३०० मिलिग्रॅम. तेवढंच औषध ५ मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपमध्ये फक्त ६ मिलिलीटरमध्ये असतं. तुमच्याकडे पहिली बाटली आणि तिकडे दुसरी असेल, आणि तुम्ही "साडेबारा द्या" एवढंच कळवलं, तर मुलीच्या पोटात ६२५ मिलिग्रॅम जातील. असं दिवसभर चार वेळा झालं तर यकृताला इजा होण्याइतकी मात्रा होते. म्हणून दोन्ही घरांत एकाच ताकदीचं सिरप ठेवा, आणि संदेशात मिलिलीटरसोबत मिलिग्रॅम नेहमी लिहा. मोजायला सिरिंजच वापरा, घरातला चमचा नको. चमच्याचा आकार प्रत्येक घरात वेगळा असतो.

दुसरी चूक सर्दीच्या एकत्र औषधांची. त्यांतल्या बऱ्याच औषधांत पॅरासिटामॉल आधीच असतं. एका घरात सर्दीचं म्हणून दिलं, दुसऱ्यात तापाचं म्हणून, आणि तासाभरात दोन डोस झाले. आयब्युप्रोफेनने दमा असलेल्या काही मुलांचा त्रास वाढतो. तुमच्या मुलीला ते चालतं का, हे योजनेत लिहून घ्या. ॲस्पिरिन लहान मुलांना तापात देत नाहीत, हेही एका ओळीत त्यातच असू द्या.

निरोपाचा संदेश रुक्ष ठेवा. जाताना असा:

"शुक्रवार, संध्याकाळी ६. वजन २० किलो. काल रात्री थोडा कोरडा खोकला, ताप नाही. रोजचा पंप सकाळी दिला, पुढचा आज रात्री ९ ला. लागेल तेव्हाचा पंप दोन दिवसांत वापरला नाही. तापाचं औषध दिलेलं नाही. बाकी योजनेप्रमाणे."

परत येताना तीनच गोष्टी विचारा: रात्री खोकला झाला का, लागेल तेव्हाचा पंप किती वेळा लागला, तापाचं औषध दिलं असेल तर शेवटचं कधी आणि किती मिलिग्रॅम. याला एका ओळीत उत्तर देता येतं, म्हणून ते मिळण्याची शक्यता वाढते. "या वेळी तरी", "मागच्यासारखं", "निदान" हे शब्द संदेशात आले की उत्तर तुमच्या शब्दांना येतं, प्रश्नाला येत नाही. आरोग्याचे संदेश आणि बाकीचे व्यवहार यांची वाट वेगळी ठेवा. एका जागी फक्त तब्येत. पुढे डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर दोनशे संदेश चाळावे लागत नाहीत.

उत्तर आलंच नाही तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा, कारण रविवारी रात्री तापलेलं मूल कडेवर असताना ते सुचत नाही. तापाचं औषध दिलं की नाही माहीत नसेल आणि मूल एरवी बरं असेल, तर ती घरी आली त्याच वेळी शेवटचा डोस झाला असं धरून सहा तास थांबा. तोवर पाणी, हलके कपडे. दिवसभरात बरेच डोस झाल्याची शंका असेल किंवा ती उलट्या करत असेल, तर पुढचा डोस डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारूनच. रोजचा पंप चुकल्याची शंका आली तर नेहमीचा पुढचा डोस नेहमीच्या वेळी द्या, भरपाई म्हणून दुप्पट देऊ नका. आणि धाप लागलेली असेल तर आधी किती पफ झाले हे माहीत नाही म्हणून लागेल तेव्हाचा पंप रोखू नका. योजनेप्रमाणे द्या आणि दवाखाना गाठा. शंकेच्या वेळी तापाच्या औषधात थांबायचं असतं आणि धापेच्या पंपात थांबायचं नसतं, हा फरक दोन्ही घरांनी पाठ करावा असा आहे.

अँटिबायोटिकचं थोडक्यात: पाण्यात कालवून तयार केलेली काही सिरप थंड जागी ठेवावी लागतात आणि प्रकारानुसार सात किंवा चौदा दिवसांतच वापरायची असतात. ती गाडीत तापली की बिघडतात. कोर्सच्या मध्ये शनिवार-रविवार येत असतील तर डॉक्टरांना तसं सांगून दोन छोट्या बाटल्या लिहून घ्या.

डॉक्टरांपुढे दोघं वेगळं सांगता, असं तुम्ही लिहिलंय. हे वाटतं तितकं वाईट नाही. दोन घरांत दोन वेगळी निरीक्षणं असू शकतात. मुलीला एका घरात रात्री खोकला येतो आणि दुसऱ्यात येत नाही, यावरून डॉक्टरांना धूळ, धूर, प्राणी किंवा चुकलेले डोस यांचा माग लागतो. म्हणून "ते खोटं बोलतात" हे वाक्य दवाखान्यात नेऊ नका, नोंद न्या. तारीख, कोणत्या वेळी खोकला, लागेल तेव्हाच्या पंपाचे पफ, शाळा चुकली का. चार रकान्यांची वही पुरते. लागेल तेव्हाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, किंवा खोकल्याने रात्री जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं डॉक्टर धरतात, आणि हे आकडे कोणत्याही तक्रारीपेक्षा जास्त बोलतात. एकत्र बसणं जमत नसेल तर दोघांसाठी लागोपाठच्या वेगळ्या वेळा मागा. डॉक्टर एकच असू द्या. प्रत्येक पालकाचा आपापला डॉक्टर झाला की मुलीला दोन निदानं आणि दोन चिठ्ठ्या मिळतात. दुसरं मत घ्यायचंच असेल तर ते खुशाल घ्यावं, पण पहिल्या डॉक्टरांना कळवून आणि आधीचे कागद देऊन. डॉक्टरांना "माझ्या बाजूने लिहून द्या" असं कधीही म्हणू नका. "आज जे दिसलं आणि जे सांगितलं ते नोंदवा" एवढं मागा; त्या नोंदीचं वजन नंतर कितीतरी जास्त असतं.

काही घरांत प्रकार उलटा असतो. वडील किंवा आई प्रत्येक शिंकेला रुग्णालयात धाव घेतात, प्रत्येक तापाला अँटिबायोटिक लिहून आणतात. उपाय तोच. हिरवा, पिवळा, लाल कागद घाई करणाऱ्यालाही थांबवतो, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी तपासणीचे कागद एकाच फाइलमध्ये येतील हे ठरवून घेता येतं.

मुलीला यात कुठे ठेवायचं? सात वर्षांचं मूल आपली लक्षणं सांगायला शिकू शकतं: "छाती आवळल्यासारखी वाटते", "पायऱ्या चढताना दम लागतो". तिला स्पेसर तोंडाला नीट लावता येतो. बाबांच्या घरात पंप कुठे ठेवलाय हे तिला माहीत असावं, आणि धाप लागली तर समोर जो मोठा माणूस असेल त्याला लगेच सांगायचं, हे पक्कं असावं. डोस लक्षात ठेवणं, बाबांना आठवण करणं, परत येऊन अहवाल देणं हे तिचं काम नाही. ती दारातून आत आल्याआल्या "पंप दिला का?" विचारलंत, तर दोनचार वेळांनंतर ती "हो" म्हणायला शिकेल, कारण त्याने घरात शांतता राहते. मग तिच्या सांगण्यावर कधीच भरवसा ठेवता येणार नाही, अगदी तिला खरंच धाप लागलेली असतानाही.

जायच्या दिवशी किंवा परतल्यावर पोटदुखी, डोकेदुखी सुरू होते, असंही अनेक मुलांत दिसतं. दुखणं खरं असतं, नाटक नसतं. ताणाने आतड्यांची हालचाल आणि संवेदना बदलतात. तरी आधी डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, वजन घटणं, शौचातून रक्त, सतत उलट्या, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं यांतलं काही असेल तर ताणावर ढकलून चालत नाही. यांतलं काहीच नसेल तरी "बाबांकडे जायचं म्हणून दुखतं" हा निष्कर्ष तिच्यासमोर बोलू नका. दोन घरांमधली ये-जा हीच कारण असू शकते, घर नव्हे. जायची वेळ ठरलेली असणं आणि दारातला निरोप छोटा असणं एवढ्यानेही बराच फरक पडतो.

जखम, वळ किंवा भाजल्याची खूण दिसली तर वेगळं वागायचं. एकच मोकळा प्रश्न: "हे कसं झालं?" तिचं उत्तर तिच्याच शब्दांत, तारीख आणि वेळेसह लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका, शब्द सुचवू नका, तिचं बोलणं चित्रित करू नका. पढवल्याचा संशय तिच्या खऱ्या बोलण्यावर येतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. खेळताना गुडघे आणि नडग्या खरचटतात; कान, मान, पाठ, दंडाच्या आतली बाजू इथल्या खुणा डॉक्टरांनी बघायलाच हव्यात. तिला इजा केली जात असल्याची शंका असेल तर हा सहपालकत्वाचा प्रश्न उरत नाही. मुलांच्या संरक्षणाची जी यंत्रणा असेल तिच्याकडे आणि वकिलांकडे लगेच जावं लागतं.

न्यायालयात कधी जायचं? उशिरा झोपवलं, तळलेलं खायला दिलं, टीव्ही जास्त बघू दिला, यासाठी नाही. दोन घरांच्या पद्धती वेगळ्या असणारच, आणि अशा तक्रारींच्या ढिगात खरी तक्रार बुडते. तिकडून परतल्यावर वारंवार तातडीचे उपचार लागणं, डॉक्टरांनी सांगूनही दुसरा संच ठेवायला नकार, लाल भागातली लक्षणं असताना दवाखान्यात न नेणं, या गोष्टी मात्र मांडायच्या. आधी ताब्याचा आदेश काढून नीट वाचा: नेहमीच्या उपचारांचा निर्णय कोणाचा, मोठ्या उपचारांचा कोणाचा, आणि वैद्यकीय कागद कोणाला मिळावेत. बऱ्याचदा आदेशात नुसतं "दोघांनी सल्लामसलतीने" असं असतं, आणि सल्लामसलत झालीच नाही तर काय, हे कोणी लिहिलेलं नसतं. मागायचं ते नेमकं मागा: उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चालू योजना दोन्ही घरांत पाळावी, दोन्ही घरांत संच असावा, आजारपण आणि दिलेली औषधं त्याच दिवशी लेखी कळवावी, ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर डॉक्टरांचा सल्ला अंतिम धरावा. "त्यांनी काळजी घ्यावी" अशी मागणी मान्य झाली तरी हाती काही लागत नाही.

शस्त्रक्रिया, नवं दीर्घकालीन औषध, लसीकरण अशा ठरवून करायच्या गोष्टींना दोघांची संमती लागत असेल तर तारीख ठरण्याआधी कळवा, डॉक्टरांचं टिपण जोडा आणि उत्तरासाठी मुदत द्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कळवलं की नकाराचं कारण उपचार राहत नाही, कळवण्याची पद्धत होते. जिवावर बेतलेल्या वेळी मात्र कोणाच्याही परवानगीची वाट बघायची नसते; रुग्णालयही बघत नाही.

या आठवड्यात दोनच कामं करा. दवाखान्यात फोन करून योजनेसाठी वेळ घ्या आणि दोन्ही पालकांचे संपर्क फाइलमध्ये नोंदवायला सांगा. मग दुसरा संच विकत घ्या. योजना दर तपासणीला बदलू शकते, वजन वाढलं की तापाच्या औषधाची मात्राही बदलते. म्हणून प्रत्येक नव्या कागदावर मोठ्या अक्षरात तारीख आणि वजन असू द्या, आणि "आधीचा कागद फाडून टाकावा" ही ओळ डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. नाहीतर तिकडच्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वीची १५ किलोची मुलगीच लटकत राहते.